पहिल्या क्लासचा कच्चा टाका
ओल्या कापडावर इस्त्री फिरल्याचा वास आला की चंद्रपूरचं माझ्या अब्बांचं शिलाईचं दुकान आठवतं. त्याच्या मागच्या खोलीत मी आणि कॉलेजातली एक मैत्रीण, आम्ही दोघी रुबी नावाच्या प्रोग्रामिंग भाषेचं स्वतःचं रनटाइम, म्हणजे तिचे प्रोग्राम चालवणारं इंजिन, लिहीत होतो. रुबीत प्रत्येक ऑब्जेक्टला, म्हणजे वस्तूला, क्लास म्हणजे तिचा साचा लागतो, आणि क्लास हासुद्धा ऑब्जेक्टच. मैत्रीण वैतागून उठली, "पहिल्या क्लासले क्लास कुठून आनू? होत नाई हे." मी म्हटलं, "त्याच्या क्लासची जागा सध्या रिकामी ठेव. अब्बा कॉलर आधी कच्च्या टाक्यानं बसवते, पक्की शिलाई मंग, अन् कच्चा दोरा ओढून काढून टाकते." सगळे क्लास उभे राहिल्यावर आम्ही ती जागा भरली आणि विचारलं, क्लासचा क्लास कोणता? स्क्रीनवर उत्तर आलं, क्लास, म्हणजे तो स्वतःच. आता ऑफिसातली नवी पोरं पहिल्या क्लासचा हाच प्रश्न घेऊन येतात, तेव्हा मी त्यांच्याच कॉलरकडे बोट दाखवते आणि म्हणते, यातला कच्चा दोरा शोधा.