भाड्याच्या जागेतल्या मयती

उळवूरमध्ये कोणी गेलं की चर्चच्या घंटेआधी रूबी स्टुडिओचा फोन वाजतो, असं लोक म्हणायचे आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. चाक्कोचन पूर्वी लग्नाचे फोटो काढायचा. मग गावातल्या पोरी नर्सिंग शिकून आयर्लंडला, कॅनडाला गेल्या, त्यांच्या मागोमाग नवरे गेले, लग्नांना कोचीहून ड्रोनवाली पोरं यायला लागली आणि चाक्कोचनच्या वाट्याला उरली ती मागे राहिलेली म्हातारी माणसं. ती एकेक करून जात होती. मुलांना रजा मिळो न मिळो, मयत लाइव्ह दिसली पाहिजे, हा आता रिवाजच झाला होता. पाद्री उशिरा आला तर चालतं, नेटवर्क गेलेलं चालत नाही.

कामात चाक्कोचनचा हात धरणारा कोणी नव्हता. अंगणात शवपेटीभोवती सगळं घर उभं करायचं, सर्वांत जास्त रडणारीला उशाशी, उंच जावयाला मागे, रुसलेल्या भावांना दोन टोकांना. मग चर्चमध्ये घरच्यांनी मृताच्या कपाळाचं घ्यायचं शेवटचं चुंबन, मग कब्रस्तान, मग माती. घरी येऊन तो त्या सगळ्यातला आवाज काढून टाकायचा आणि वर प्रार्थनेची गाणी चढवायचा. कोण कुणाच्या सुनेला टोमणा मारतंय, कोण 'जेवणाची किती पानं सांगितली' विचारतंय, हे वर्ष झाल्यावरच्या प्रार्थनेला कोणाला ऐकायचं असतं? आणि फोटोवाल्याचा आवाज तर मुळीच नको. तो ऐकू आला की चाक्कोचनला भातात केस सापडल्यासारखं व्हायचं. लाइव्ह झालेलं सातव्या दिवशी काढून टाकायची त्याची रीत होती, परक्यांनी मेलेल्याचं तोंड बघत बसू नये म्हणून.

राहायचं ते दोन प्रकारचं. एक तयार केलेलं, गाण्यांसकटचं. दुसरं कच्चं, कॅमेऱ्यात आलं तसं. पूर्वी हे सगळं तो तबकड्यांवर ठेवायचा, त्यांना बुरशी आली. मग कॉम्प्युटरात ठेवलं, तर परतीच्या पावसाच्या एका तुलाम महिन्यात संध्याकाळची वीज पडली आणि कॉम्प्युटरासकट तीन वर्षांच्या मयती जळाल्या. त्या वेळी मुलगा सिबी घरीच होता, कॅनडाला जायच्या तयारीत. त्याने बापाला इंटरनेटवर जागा घेऊन दिली. "इथे वीज पडत नाही, चाच्चा," तो म्हणाला. चाक्कोचनला ते पटलं. जोडीला स्टुडिओच्या नावाचा स्वतंत्र ईमेल पण घेऊन दिला आणि पाटीवर रंगवून घेतला. त्या पत्त्यावर आजवर जाहिराती आणि चर्चचं वार्षिक कॅलेंडर याखेरीज काही आलं नाही.

जागा सुरुवातीला फुकट होती. आवळा देऊन कोहळा काढायची विद्या या कंपन्यांना कोणी शिकवावी लागत नाही. मयती वाढल्या तशी जागा भरली, मग थोडे पैसे, मग जास्त पैसे, मग भाव वाढल्याचं गोड भाषेतलं पत्र. न भरावेत तर ईमेल येणं थांबेल, मग नवीन काही ठेवता येणार नाही, मग जुनंही जाईल, अशी धमकी, तीसुद्धा 'प्रिय चाक्को' म्हणून. दर महिन्याला बँकेचा संदेश यायचा, पैसे गेले म्हणून, आणि तो वाचून चाक्कोचन फोन उलटा ठेवायचा. गुडघे गेले होते. कब्रस्तानाच्या पायऱ्या चढताना आता त्याला कॅमेऱ्याचं ओझं वाटायचं, आणि घरी परतल्यावर कांजी गरम करायचासुद्धा कंटाळा यायचा. त्याची बायको, सिबीची अम्मच्ची एलिकुट्टी, जाऊन चार वर्षं झाली होती.

इथे एलिकुट्टीचं सांगायला हवं. ती गेली तेव्हा सिबीचे कॅनडात राहायचे कागद सरकारी कचेरीत अडकले होते. देश सोडला तर परत आत घेणार नव्हते, आणि त्याच्या बायकोला आठवा महिना होता. तो आला नाही. त्याने आईची मयत फोनवर पाहिली. आणि ती काढली स्वतः चाक्कोचनने. भाचा म्हणाला मी धरतो कॅमेरा, जवळच्या पाला गावचा दुसरा स्टुडिओवाला फुकट यायला तयार होता. चाक्कोचनने कोणाला हात लावू दिला नाही. "सिबी बघतोय," एवढंच म्हणाला. गावाने मागून जीभ चालवलीच, की बायकोच्या मयतीलाही याला धंदा सुटला नाही. गावाला काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

तर त्या ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात, लग्नं बंद आणि मयती चालू अशा दिवसांत, स्टुडिओच्या पायरीवर चर्चचा कपियार औसेप्प येऊन बसला. घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं, कबर खणून घेणं ही त्याची कामं, त्यामुळे चाक्कोचनचा आणि त्याचा धंदा एकच. दोघांनी कोरी कॉफी घेतली.

"परत भाव वाढवला," चाक्कोचन म्हणाला.

"कोणी?"

"जागावाल्यांनी."

"मग सोड की. कोणाचं भाडं भरतोयस तू? मेलेल्यांचं. त्यांची पोरं तिकडे डॉलर मोजतायत आणि तू इथे कांजीवर."

"लोकांनी विश्वासाने दिलंय."

"विश्वासाने? पैसे बुडवून दिलंय अर्ध्यांनी." औसेप्पने कॉफी फुंकली. "हे बघ चाक्को, आमच्याकडे तरी कायमची जागा कोणाला आहे? पैसेवाल्या घरांच्या कबरी सोड. बाकीच्यांना काही वर्षं ठेवतो, मग हाडं काढून अस्थिकुळीच्या खड्ड्यात टाकतो आणि त्या जागी दुसरा येतो. देवाच्या घरी जागा पुरत नाही, तुझ्या कंपनीकडे कुठून पुरणार?"

"हाडं काढायच्या आधी तुम्ही चर्चमध्ये नावं वाचून दाखवता."

"तू पण वाचून दाखव. कोण अडवतंय?"

चाक्कोचनला हे मनापासून पटलं. जे चर्चला चालतं ते रूबी स्टुडिओला का चालू नये? त्याने सगळ्या घरांना संदेश पाठवला: कच्चं चित्रण ईस्टरपर्यंतच ठेवलं जाईल, हवं असेल त्यांनी उतरवून घ्यावं, तयार केलेलं तसंच राहील. उत्तरादाखल जोडलेले हात आले, अंगठे आले. डब्लिनहून एकीने विचारलं, माझ्या लग्नाचा अल्बम सापडेल का? मेलबर्नहून एकाने बजावलं की आम्ही तेव्हा पूर्ण पैसे दिले होते. गरज सरो, वैद्य मरो. उतरवून मात्र कोणीही घेतलं नाही.

रविवारी सिबीचा फोन आला तेव्हा चाक्कोचनने त्यालाही सांगितलं.

"बरं केलंत," सिबी म्हणाला. "मी कधीचा सांगतोय. कच्चंच जड असतं, तेच जागा खातं. आणि कोण बघतं ते? तो ईमेलही बंद करून टाका. पाटीवरचं खोडा."

"तुझ्या आईच्या औषधांना लागायचे तेवढे पैसे जातात दर महिन्याला."

"म्हणून तर म्हणतोय. मी भरतो म्हटलं तर तुम्ही भरू देत नाही."

"माझ्या धंद्याचे पैसे तू कशाला भरायचे? तू जेवलास का?"

सिबी जेवला होता. नातीला कॅमेऱ्यासमोर धरलं गेलं, ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली, चाक्कोचन हसला, फोन ठेवला गेला. त्यांचं बोलणं हे एवढंच असायचं. एलिकुट्टीच्या मयतीचा विषय दोघंही काढत नसत. आला नाहीस, असं बापाने कधी म्हटलं नव्हतं. येता आलं नाही, असं मुलाने म्हटलं नव्हतं. न बोलण्याची सवय लागली की ती सुटत नाही.

ईस्टर झाल्यावर चाक्कोचन कामाला लागला. रोज थोडी घरं. या भागात माणसाच्या आधी घराचं नाव, म्हणून त्याने मयतीही घराच्या नावाने लावल्या होत्या. तो घर उघडायचा, तयार केलेलं आहे ना बघायचा, कच्चं काढून टाकायचा. थकवा असा की कोणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. कितीजणांना त्याने पेटीभोवती उभं केलं होतं, त्यातले कितीतरी आता स्वतःच दुसऱ्या एखाद्या घराच्या नावाखाली पेटीत होते.

एका सकाळी स्वतःचं घर आलं. किळक्केमुरियिल. आत दोनच वस्तू, एलिकुट्टीची तयार आणि एलिकुट्टीची कच्ची. त्याचा हात थांबला, नाही असं नाही. ठेवावं का एवढं एक? पण गावाला एक न्याय आणि घराला दुसरा, असं कसं? सगळ्यांना नियम सांगून मोकळा झालेला माणूस. शिवाय तयार केलेलं होतंच की. ते त्याने आयुष्यातलं सर्वांत नीट काम म्हणून केलं होतं, एकही हललेलं चित्र त्यात नव्हतं, एलिकुट्टीच्या आवडीची तिन्ही गाणी होती. कच्चं त्याने पुन्हा कधी पाहिलंच नव्हतं. ते उघडायची हिंमत त्याच्यात नव्हती आणि आजही आली नाही. त्याने ते न उघडताच काढून टाकलं.

तरी जागा रिकामी झाल्याचं दिसेना. मग कळलं की काढलेलं सगळं आधी कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडतं आणि डबा रिकामा केल्याशिवाय भाडं कमी होत नाही. त्याने डबाही रिकामा केला. कंपनीने विचारलं, नक्की का? हे परत मिळणार नाही. प्रिय चाक्कोने हो म्हटलं. सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त जागेत उरलेलं मावलं. ईमेल बंद झाला. औसेप्पने शिडी धरली आणि पाटीवरचा पत्ता पांढऱ्या रंगाखाली गेला. त्या दिवशी चाक्कोचन दुपारी चक्क झोपला.

आठवडा गेला असेल. सकाळचे अकरा वाजले होते, तो दुकानात एका म्हातारीचा पासपोर्ट फोटो कापत होता, आणि सिबीचा फोन आला. रविवार नव्हता. म्हातारीला बसवून तो मागच्या खोलीत गेला.

"काय झालं रे? पोर बरी आहे ना?"

"बरी आहे. चाच्चा, अम्मच्चीचं कच्चं कुठे हलवलंत?"

"हलवलं नाही. काढलं."

"आपलं पण?"

"सगळ्यांचं काढलं. तूच म्हणालास, कच्चं कोण बघतं."

चाक्कोचनला वाटलं नेटवर्क गेलं.

"मी बघतो," सिबी म्हणाला.

"काय?"

"मी बघत होतो. शिफ्ट संपली की, गाडीत बसून. रोज नाही. मधूनमधून. पासवर्ड माझ्याकडे आहेच."

"अरे, मग उतरवून घ्यायचं नाही का?"

"तिथे आहे म्हणून राहून गेलं. तुम्ही पैसे भरत होतात ना. मला वाटलं बाकीच्यांचं काढाल. आपलं काढाल हे डोक्यातच आलं नाही."

चाक्कोचन लाकडी स्टुलावर बसला. "तयार केलेलं आहे रे मोने, पोरा माझ्या," तो म्हणाला. "ते जास्त चांगलं आहे. एकही चित्र हललेलं नाही त्यात."

"माहीत आहे. मला हललेलंच हवं होतं."

"हललेलं कुठलं?"

"तुम्हाला आठवत नाही?"

"नाही."

सिबी सांगू लागला. "चर्चमधलं. सगळ्यांचं चुंबन घेऊन झालं. मग तुम्ही कॅमेरा तिपाईवरून काढलात आणि अम्मच्चीजवळ नेलात. एकदम जवळ, तिच्या कपाळाशी. सगळं धुरकट झालं. आणि तुम्ही म्हणालात, सिबी, मोने, आता तुझी पाळी. घे. घाई नाही, मी धरून आहे."

चाक्कोचनला खरंच आठवेना. एवढं आठवलं की तयार करताना मधला एक तुकडा पार धुरकट निघाला होता, त्यात फोटोवाल्याचा आवाजही आला होता, आणि त्याने तो दोन्हीकडून कापला होता. कोणाचा आवाज आहे हेही त्या दिवसांत त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"मग तू काय केलंस?" त्याने विचारलं.

"घेतलं. फोनच्या काचेवर. किचनमध्ये उभा होतो. तेवढंच मिळालं मला, चाच्चा."

"चूक झाली रे."

"मीच सांगितलं तुम्हाला काढा म्हणून."

"परत पैसे भरले तर देतील का?"

"नाही देत. मी विचारलं त्यांना."

पुढच्या खोलीतून म्हातारी ओरडली, फोटो झाला का, तिची बस होती. चाक्कोचनने मधलं दार लोटून घेतलं. या वेळी दोघांपैकी कोणीही जेवलास का विचारून फोन ठेवला नाही.

"एक विचारू?" सिबी म्हणाला. "मी त्यात दर वेळी तुम्हाला शोधायचो. पेण्णम्मा आत्या दिसते, मामा दिसतात, औसेप्पचेट्टन पण दिसतो. तुम्ही कुठेच नाही. तुम्ही घेतलंत ना अम्मच्चीचं चुंबन, नंतर? कॅमेरा बंद केल्यावर?"

"नंतर झाकण लावलं," चाक्कोचन म्हणाला. "माझ्या हातात कॅमेरा होता, मोने."