टेंभुर्णीहून आलेला टँकर

पंपाने हवा ओढायला सुरुवात केली, तेव्हा इंजिनाच्या टेस्टचे शेवटचे सात-आठ तास उरले होते. विहिरीकडून येणाऱ्या पाइपाने एकदा गुळणी केली, हौदात थोडं गढूळ पाणी टाकलं आणि मग तो नुसताच फुसफुसत राहिला.

"सायेब, हीर आटली," नामदेव मिस्त्री म्हणाले.

बाहत्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. सोलापूरच्या आमच्या कारखान्यात शेतीपंपाची डिझेल इंजिनं बनायची. विहिरीच कोरड्या पडल्यावर पंप कोण घेणार? तयार माल गोडाऊनमध्ये धूळ खात होता. कारखाना एकाच आशेवर तग धरून होता. लष्कराच्या चिलखती गाडीसाठी आम्ही सहा सिलिंडरचं इंजिन केलं होतं. टेस्टमध्ये पास झालं तर ऑर्डर. नाही तर अर्ध्या कामगारांना घरी बसवावं लागेल, असं मालकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. मी टेस्ट इंजिनियर होतो, म्हणजे शेवटी बोट माझ्याकडेच दाखवलं जाणार.

ते इंजिन सहजासहजी झालं नव्हतं. परदेशी नमुना समोर ठेवून मापं घेता येतात, पण त्याचं पोलाद कसं केलंय ते मापात सापडत नाही. आधी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तुटल्या. मग हेड गॅस्केट उडाली. एकदा क्रँकशाफ्टलाच चीर गेली. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीचं फिरण्यात रूपांतर करणारा दांडा. तो गेला की इंजिन भंगारात. प्रत्येक वेळी नामदेव मिस्त्रींनी नवं इंजिन पहिल्या बोल्टपासून स्वतः जुळवलं. माणूस वैरागचा, बोलायला फटकळ. पण सकाळी शेडमध्ये आल्यावर आधी इंजिनावरून हात फिरवायचा, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी चिडवायचो, "मिस्त्री, वैरण घातली का?" ते म्हणायचे, "तुमी आदी डिझेल घाला की."

या वेळची टेस्ट चार दिवस, चार रात्री न थांबता होती. इंजिनाला वॉटर ब्रेक जोडतात. त्यात पाणी घुसळलं जातं आणि गाडी ओढण्याइतका भार इंजिनावर पडतो. इंजिनाची सगळी ताकद त्या पाण्यात उष्णता होऊन उतरते. तेच पाणी हौदात थंड करून पुन्हा वापरतात. पण सोलापूरच्या उन्हात दर तासाला तीन-चार पिंपं पाणी वाफ होऊन उडून जायचं. तेवढी भर विहिरीतून घालावी लागायची. मध्ये इंजिन बंद पडलं, तर कारण काहीही असो, टेस्ट रद्द.

आमच्या विहिरीवर कारखान्यामागच्या वस्तीचंही पाणी चालायचं. फाटक उघडं असायचं, बायका यायच्या, घागरी भरून जायच्या. कुणी परवानगी मागितली नव्हती, कुणी दिलीही नव्हती. टेस्ट रात्री दहाला सुरू व्हायची होती, त्या सकाळीच मालकांनी फाटकाला कुलूप लावलं. "चार दिवसांचा प्रश्न आहे," ते म्हणाले. मला ते पटलं होतं. महानगरपालिकेचा टँकर वस्तीत येणार, असं ठरलं होतं. तो एकदा आला, पुन्हा फिरकला नाही.

तर चौथ्या दुपारी विहीर आटली. हौदात जेमतेम तीन तासांचं पाणी. तपासणीला आलेले मेजरसाहेब घड्याळ बघून म्हणाले, "इंजन तो बढ़िया चल रहा है. पानी का देखिए."

याचा अंदाज मालकांना सकाळीच आला होता. टेंभुर्णीच्या बाजूला नदीच्या डोहात अजून पाणी होतं. त्यांनी खटपट करून तिथून टँकर सांगितला होता आणि वाट चुकायला नको म्हणून तो आणायला आता मिस्त्रींनाच चौकात पाठवलं. माझे कान इंजिनाकडे आणि डोळे हौदाकडे. इतकं निर्मळ चाललेलं इंजिन मी त्या शेडमध्ये कधी ऐकलं नव्हतं.

टँकरचा हॉर्न ऐकू आला. आता येईल, मग येईल म्हणून थांबलो. आत येईना म्हणून बाहेर धावलो.

टँकर फाटकाबाहेरच उभा होता. पुढे वस्तीतल्या बायका, हंडे-घागरी घेऊन. मागचा नळ सोडलेला होता आणि मिस्त्री हातात नळी धरून एकेक घागर भरत होते.

"मिस्त्री, हे काय करताय?" मी ओरडलो. "इंजिन बंद पडेल!"

"ठावं हाय."

"मग यांना हटवा की!"

त्यांनी वर पाहिलंही नाही. "सायेब, मागितलं असतं तर न्हाय म्हनलो असतो. कुनी मागितलंच न्हाय वो. नुसत्या हुब्या ऱ्हायल्या."

एका बाईने घागर भरायच्या आधी पाण्यात पदर बुडवला आणि कडेवरच्या पोराच्या ओठांवर पिळला. मी ते पाहिलं, तरी मला मिस्त्रींचा राग आला. खरं सांगतो, नळी हिसकावून घ्यावी असं वाटलं. पण मीही पुढे झालो नाही.

टँकर रिकामा झाला. दुसरा मिळाला नाही.

तापलेलं इंजिन एकदम बंद करत नाहीत. भार काढून काही मिनिटं मोकळं चालवायचं, मग थांबवायचं. हौदाचा तळ दिसू लागला तेव्हा मी लिव्हरकडे हात नेला. मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मी करतो." ते डावा तळवा इंजिनावर ठेवून उभे राहिले आणि उजव्या हाताने त्यांनी लिव्हर ओढली. इंजिन थांबल्यावरही तळवा तिथेच होता. चटका बसत असणार. मेजरसाहेबांनी टोपी काढली आणि ते बाहेर गेले.

टेस्ट अपूर्ण, असा शेरा पडला. इंजिनात दोष नाही, असंही मेजरसाहेबांनी लिहिलं, पण तेवढं वाचायला वर कुणाला सवड नव्हती. गाडीसाठी बाहेरच्या देशातलं इंजिन घ्यायचं ठरलं. पावसाळा संपायच्या आत आमचा अर्धा कारखाना बंद झाला. ज्यांना घरी बसवलं त्यांतले बरेचसे मागच्या वस्तीतलेच होते. त्यांच्याच बायकांनी त्या दुपारी घागरी भरल्या होत्या. मिस्त्रींना कुणी शिव्या दिल्या नाहीत आणि कुणी आभारही मानले नाहीत. मालकांनी त्यांना काढलं नाही. तेच वैरागला निघून गेले.

बऱ्याच वर्षांनी मी तिकडे गेलो होतो. रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये ते पंपाची इंजिनं दुरुस्त करत होते. चहा सांगितला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना त्यांनी विचारलं, "सायेब, त्ये सात-आठ तास चाललं असतं, न्हवं?"

"चाललं असतं, मिस्त्री."

त्यांनी मान हलवली आणि हातातला पाना पुसत बसले. मला तिथे थांबवेना.

आता नवे इंजिनियर मला विचारतात, आपलं इंजिन तेव्हा का झालं नाही? पोलाद, मशिनरी, सरकारी धोरण, यांतलं काहीतरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असते. मी विचारतो, तुमच्या टेस्ट शेडला पाणी कुठून येतं आणि तिथून आणखी कोण पितं? त्यांना वाटतं, म्हातारा भरकटला.