मोठ्या मायनं माफी मागितली नाही

फोन आला तेव्हा मी अकोल्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत होते. फोन अरुणदादाचा, माझ्या चुलतभावाचा. ‘माय गेली, संगीता,’ तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाला, ‘गाव येऊन राहिलं. सारं गाव येऊन राहिलं.’ आई गेल्याचं सांगणाऱ्या माणसाच्या आवाजात मला आनंद ऐकू आला... बडनेऱ्याला बस बदलून भातकुलीच्या पुढं आमच्या गावी पोचेपर्यंत मला त्याचा अर्थ लागला नव्हता. अंगणात पाय ठेवला आणि लागला. वर्षानुवर्षं ज्यांनी या दाराकडं पाहिलं नव्हतं, ते टोप्या घालून ओळीनं बसले होते. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष तिरडीशेजारी उभं राहून सांगत होते, ‘बाईनं जाता जाता मारोतीरायाची माफी मागली. आता आपल्यायनं मनात काही ठेवाचं नाही.’ लोक माना हलवत होते. मी म्हटलं, ‘तिची तर वाचाच गेली होती.’ अर्धांगानं उन्हाळ्यातच तिची जीभ गेली होती आणि हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अध्यक्षांनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं. ‘मनातून मागली, मॅडम. मनातलं मारोतीले समजते.’

मोठी माय, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, कौसल्याबाई. तिनं माफी मागितली नाही. एवढं एकच सांगायला हा लेख लिहिते आहे. आता महिना उलटून गेलाय, गावानं विषय मिटवलाय, आणि ज्या बाईला बोलता येत नव्हतं तिच्या तोंडी एक वाक्य कायमचं घालून ठेवलंय. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे मी ठिकठिकाणी सांगते, इथंही सांगते, कारण ती पदवी अर्धी मोठ्या मायच्या भांडणातून आली. बारावीनंतर माझं लग्न ठरवायला निघालेल्या माझ्या बापाला तिनं ओसरीतच थांबवलं होतं. ‘पोरगी शिकते तर शिकू दे. तुह्या डोक्यात भुसा हाय म्हणून तिच्याबी भरतं काय?’ आणि मी बी. ए. होऊन देवळात जाणं सोडलं तेव्हा मलाही तिनं सोडलं नाही. ‘चार बुकं वाचली अन् मारोतीपेक्षा मोठी झाली काय व?’ तिची जीभ अशी. गोड म्हणून ती कुणाशीच बोलली नाही, देवाशीसुद्धा नाही. पाऊस लांबला की मारोतीच्या मूर्तीसमोर उभी राहून त्याला शिव्या द्यायची आणि मग तेल वाहायची.

आमच्या गावात मारोतीचा भंडारा रोडग्यांचा असतो. छोट्या पोळीवर पोळी ठेवत, मध्ये तेलाचा हात फिरवत गोळा बांधायचा, तो गोवऱ्यांच्या आरात भाजायचा, राख झटकून वांग्याच्या भाजीबरोबर वाढायचा. शेकड्यांनी रोडगे होतात, पण पहिला रोडगा, नैवेद्याचा, तो आमच्या घरचा. आमच्या घरच्या थोरल्या सुनेनं आंघोळ करून, ओल्या केसांनी, कुणाशी न बोलता तो बांधायचा, अशी पिढ्यांची रीत. मोठ्या मायला आयुष्यात दागिना मिळाला नाही, मान मिळाला तो एवढाच. भंडाऱ्याच्या आधी आठवडाभर ती जमिनीपासून वीतभर वर चालायची.

सुशीलाबाई बौद्धपुऱ्यातल्या. कापसाच्या वेचणीला दोघी एकाच तासात, म्हणजे झाडांच्या एकाच ओळीत, समोरासमोर वेचायच्या. तरुणपणापासून. दोघींचं हसणं बांधावरून ऐकू यायचं, आणि ते बहुतेक नवऱ्यांच्या नावानं असायचं. पण सुशीलाबाई आमच्या घरी आल्या की ओसरीपर्यंत. त्यांचा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा. एक दिवस त्यांनी तो कप उचलला, विहिरीवर नेऊन धुतला, जागेवर उपडा ठेवला आणि म्हणाल्या, ‘चहा सोडला मी.’ मोठी माय म्हणाली, ‘काहून? पित्त झालं काय?’ सुशीलाबाई म्हणाल्या, ‘हो. लय वर्सापासून हाय. आज समजलं.’

मग एका भंडाऱ्याला मोठी माय पदराखाली रोडगा घेऊन बौद्धपुऱ्यात गेली. मी सुट्टीत घरी होते, तिच्याबरोबर होते. तिला वाटलं आपण फार मोठं काम करतोय. सुशीलाबाई दारात आल्या, रोडग्याकडं पाहिलं आणि हात मागं घेतले. ‘मले देवाचा प्रसाद नको, कौसल्या. तुमच्या पंगतीले आमी येत नाई, अन् तुमी बोलावलं तरी येनार नाई. जेवू घालाचं असंल तर तुह्या घरचं घाल. चुलीपाशी बसवून.’ मोठी माय रोडगा तसाच घेऊन परत फिरली. चार दिवस तिनं सुनेशी, गाईशी, सगळ्यांशी भांडणं केली... पाचव्या दिवशी सुशीलाबाई आमच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या उजव्या हाताला पाटावर बसल्या होत्या आणि मोठी माय तव्यावरची भाकर त्यांच्या ताटात टाकत होती. वहिनी, अरुणदादाची बायको, दारात उभी राहून रडत होती, कारण तिला तिच्या पोरीच्या ठरलेल्या सोयरिकीचं दिसत होतं.

वहिनीला बरोबर दिसत होतं. बातमी गावभर झाली, सोयरीक मोडली. पुढच्या भंडाऱ्याला मोठी माय ओल्या केसांनी ताट घेऊन देवळात गेली. पुजाऱ्यानं ताट हातात घेतलं, गाभाऱ्याकडं वळला नाही, पायऱ्या उतरून खाली आला आणि पारापाशी पडलेल्या कुत्र्यासमोर रोडगा टाकला. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, ‘कुत्र्याची जात इचारून घ्या महाराज, बाटन ना बिचारं!’ आणखी हसले. मोठ्या मायनं रिकामं ताट उचललं, पदरानं पुसलं, आत गेली, मारोतीसमोर डोकं टेकवलं आणि घरी आली. संध्याकाळी अध्यक्षच ओसरीत येऊन बसले. फार समजुतीनं बोलले. मारोतीचे पाय धर, चूक झाली म्हण, तीर्थ घे, पुढच्या वर्षीपासून नैवेद्य तुझाच. ती म्हणाली, ‘कोनती चूक? भाकर जाड झाली ते?’

त्यानंतर गावानं तिच्याशी जे केलं त्याला आवाज नव्हता. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. दळणाच्या रांगेत तिच्या मागच्या बाया दोन हात लांब. देवळात तीर्थ देताना पुजारी तिच्या हातावर येऊन थांबायचा आणि पळी कडेला खांबाशी ओतायचा. आणि ती रोज जायची. रोज. घरात अरुणदादानं तिची पथारी मागच्या खोलीत टाकली, वहिनीनं चूल मोडून गॅसचा ओटा बांधला, आणि तिला ताट खोलीत मिळू लागलं. पोटच्या पोरानं आईला ओसरीवरच्या कपासारखं ठेवलं, हे मी दादाच्या तोंडावर बोलले आहे, आता छापूनही बोलते. मी तिला म्हणायचे, अकोल्याला चल, कशाला जातेस त्या देवळात? ती चिडायची. ‘मारोती का त्यायच्या बापाचा हाय? त्यायच्या भेवानं मी माह्या देवाले सोडू?’ मला हे तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. ज्या देवाच्या अंगणात आपल्या हातचं कुत्र्याला घालतात, त्याला तेल वाहायचं... पण ती वाहत राहिली, आणि ‘चुकलं’ हा शब्द तिनं एकदाही उच्चारला नाही. अर्धांगानंतरही अरुणदादा तिच्या कानाशी वाकून म्हणायचा, ‘माय, नुसती मान हलव. मी कमिटीले सांगतो.’ मी समोर होते. तिनं डोळे मिटून घेतले होते. मान हलली नाही.

तेरवीला सारं गाव जेवलं. मांडव भरून पंगती उठल्या. जे तिच्या हातचं बाटलं म्हणाले होते ते बोटं चाटत ‘बाई लय भाविक होती’ म्हणत होते. सुशीलाबाई आल्या, पांढरं लुगडं नेसून, काठी टेकत. अरुणदादा धावत पुढं गेला. मला वाटलं हात धरून आत आणेल. तो म्हणाला, ‘उलिशी थांबा सुशीलाबाई, हे पंगत उठू द्या. मग तुमाले तिकडं झाडाखाली देतो.’ त्या जशा आल्या तशा वळल्या. मी दादाला मांडवातच विचारलं, लोकांसमोर विचारलं, की तिनं माफी कधी मागितली? तो हातातली वरणाची बादली खाली न ठेवता म्हणाला, ‘मेली ते सुटली. मले गावात राहाचं हाय.’ पंगतीतून कुणीतरी वरणासाठी हाक मारली.

मी सुशीलाबाईंच्या मागोमाग बौद्धपुऱ्यात गेले. त्यांनी काही न विचारता मला आत नेलं, स्वयंपाकघरात बसवलं आणि ज्वारीची भाकर करायला घेतली. मी म्हटलं, मी हे सगळं लिहिणार आहे, तिनं माफी मागितली नाही हे लिहिणार आहे, तुमचं नाव घातलं तर चालेल का?

‘घाल,’ त्या म्हणाल्या. ‘पन तिले देवी करू नको. माफी मागाची होती तिनं. मारोतीची नाही व. मारोतीचं काय गेलं होतं? माही मागाची होती.’ तव्यावरची भाकर त्यांनी उलटली. ‘तिनं मले एक डाव जेवू घातलं, अन् गावानं तिचे हाल केले. सारं खरं हाय. मी रडली तिच्यासाठी. पन त्याच्यानंतर मी तिले इथी जेवाले बोलावलं. आली. जिथी तू बसली ना, तिथीच बसली. ताट वाढलं. मले म्हने, सुशीले, आज माह्या मारोतीचा उपास हाय, शनिवार हाय.’

मी विचारलं, ‘होता का शनिवार?’

‘बुधवार होता,’ सुशीलाबाई म्हणाल्या, आणि भाकर माझ्या ताटात टाकली. ‘जेव.’