घोड्याच्या पोटावरचा रफू

संग्रहालयात गेलात की पाटीवर कुणाचं नाव वाचता? देणाऱ्याचं. नाहीतर मिरवणाऱ्याचं. फाटलेलं सांधणारीचं नाव कधी वाचलंय?

आमच्या गल्लीतली रफूवाली तीस वर्षं घरात सांगत होती, "माझं काम संग्रहालयात टांगलंय." शिकारीच्या घोड्यांचा जुना रेशमी पडदा. मधल्या डाळिंबी घोड्याचं पोट उंदरांनी तळहाताएवढं कुरतडलं होतं. तिनं दीड महिना डोळे फोडून ते भरलं. थोरली नणंद दरवेळी म्हणायची, "दाखव तर खरं." शेवटी एका रविवारी ती नणंदेला घेऊन गेलीच.

नाणी, मूर्ती, तलवारी मागे टाकत दोघी पडद्यापुढे उभ्या राहिल्या. रफूवालीनं चष्मा पुसला. दोरीवरून वाकून घोड्याचं पोट वरून खाली, खालून वर पाहिलं. रफू सापडेना. स्वतःचाच.

"वहिनी, तीस वर्षं थापा पचवल्यास की गं." नणंदेनं पाटी वाचून दाखवली, "दोनशे वर्षं जुना, कुठेही न फाटलेला."

रफूवालीचं डोकंच फिरलं. तिनं तडक अधिकारी बाईंना गाठलं. "पडद्याची मागची बाजू दाखवा."

"आजी, नोंदवहीत दुरुस्तीचा उल्लेखच नाही."

"नोंदवहीला सुई धरता येते का? दाखवा म्हणते ना."

बाईंनी हातमोजे चढवले, पडद्याची कड उचलली, आत बॅटरी मारली. घोड्याच्या पोटामागे दोऱ्यांची बोटभर शेपटं लोंबत होती. डाळिंबी, जरीचा पीळ असलेली.

रफूवालीचा जीव भांड्यात पडला. नणंद मात्र बघतच राहिली.

"वहिनी, हा माझ्या लग्नातल्या शालीचा दोरा आहे."

"तसला रंग बाजारात मिळेना, वन्सं."

"काठ विरळ केला म्हणून मी लाँड्रीवाल्याशी भांडले. अजून बोलत नाही त्याच्याशी."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, जाऊ द्या बिचाऱ्याला."

अधिकारी बाई मोज्याआड हसल्या. नणंदेनं त्यांनाच फैलावर घेतलं. "हसताय काय? पाटी बदला. हिचं नाव घाला. आणि शालीवालीचंही."

पाटी बदलली. दोन्ही नावं आहेत, पण खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. ती मोठी कशी होत नाहीत तेही बघतो.

तोवर तुम्ही जा, घोड्यापुढे पाच मिनिटं उभे राहा आणि रफू शोधा. सापडलाच, तर गुपचूप रफूवालीला सांगा, ती सुई घेऊन येईल. नणंदेच्या कानावर मात्र घालू नका, ती शाल लपवून ठेवेल.