आठवडाभर वाजत होती

तळमजल्यावरच्या साठेकाकांची विजेवरची स्कूटर काल भरदुपारी चार्जिंगला लावलेली असताना पेटली. आधी फुत्कार, मग पांढरा धूर, आणि मग आगीचे लोळ थेट पहिल्या मजल्यापर्यंत. आम्ही बादल्यांवर बादल्या ओतल्या. आग विझल्यासारखी व्हायची आणि पुन्हा दुप्पट भडकायची. चार्जर ओढायला गेलेले काका कोपरापर्यंत भाजले.

बॅटरीत एक छोटं सर्किट असतं. आतला प्रत्येक सेल किती तापलाय, हे ते सतत बघत असतं आणि धोका वाटला की टीं टीं करून ओरडतं. आठवडाभर ओरडत होतं मेलं. शेवटी काकांनी मेकॅनिकला बोलावून त्या आवाजाची वायरच कापून टाकली.

आमची आई अशीच दिवसभर तणतणायची. "पुरे गं!" म्हणून आम्ही तिला गप्प केलं. मग महिनाभर ती खरंच बोलली नाही, आणि एका सकाळी तिनं वरवंटा उचलून आरशावर घातला. काचा आमच्या चहाच्या कपांत उडाल्या. "अचानक काय झालं हिला?" बाबा म्हणाले. अचानक म्हणे!

संध्याकाळी दवाखान्यात काका बँडेजमधल्या हाताकडे बघत म्हणाले, "आधी काही कळलंच नाही हो."

मी मान डोलावली. "डोकं उठलंय त्या आवाजानं, बंद करा तो," असं मीच त्यांना दारात उभं राहून बजावलं होतं.