हिसकलेली पुरणपोळी

निजामाच्या राज्यात एकदा मी हैदराबादला निघालो होतो. नुकताच मुदतीच्या तापातून उठलेला, राक्षसासारखा भुकेला. उमरग्याहून मोटार सुटली आणि मी आईनं दिलेली पुरणपोळी उघडली. पहिला घास तोंडाशी नेतोय तोच शेजारच्या बाईनं झडप घालून पोळी हिसकली आणि सरळ खिडकीबाहेर फेकली! मोटारभर हशा.

"ताप कवा उतरला?" माझ्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे बघत तिनं विचारलं.

"झाले चार दिवस. पण मावशी, माझी पोळी!"

"माझ्या मालकाचा बी असाच उतरला. आनंदाच्या भरात म्याच पोळी चारली, लेकरा. आतडं फुटून गेले."

हशा विरला. तिनं आपल्या लोट्यातली पेज मला पाजली. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात आजाऱ्यांचं खाणं शिकवतात, असं तिच्या कानावर आलं होतं. "शिकून आले की उमरग्याच्या दवाखान्यात चूल मांडीन," म्हणत तिनं हवेतच पातेलं ढवळून दाखवलं.

आठवड्यानं परतताना तीच बाई पुन्हा शेजारी.

"काय झालं, मावशी?"

"उर्दू शिकलेली पायजे म्हणं. दारातूनच परत लावलं."

पुढच्या बाकावर एक म्हातारी लेकीला म्हणत होती, "मुदतीचा ताप उतरला गं बाई एकदाचा! खा लाडू." मावशीचा हात झडपेला उठला, पण पदराखाली गेला.

"मावशी, सांगा की!"

"म्या कोण सांगणारी?"

मग मीच ओरडलो. म्हातारी खेकसली, "तू काय हकीम हाईस का रं?"

लेकीनं लाडू आवडीनं खाल्ला. मावशीनं डोळे मिटून घेतले. पदराखाली तिचा हात मात्र हळूहळू ढवळत होता.