नापास फुलं

माझ्या स्क्रॅपबुकच्या क्लासमध्ये दोन गोष्टी साठतात, कागदाचे कपटे आणि किस्से. कपटे रद्दीवाला घेऊन जातो. किस्से न्यायला तो तयार नाही, म्हणून ते तुम्हाला सांगते.

क्लास म्हणजे काय, तर इंदिरानगरमधला माझा हॉल, जुनं डायनिंग टेबल आणि शनिवारची दुपार. आम्ही एकेका पानावर रंग, लेस, कापडाचे तुकडे, जुनी तिकिटं, जे हाताला लागेल ते चिकटवतो, त्यावर फुलांचे ठसे मारतो आणि मधे एक फोटो लावतो. याला मिक्स मीडिया म्हणतात. माझ्या सासूबाई याला पसारा म्हणतात.

*

वैद्य काका क्लासला आले नाहीत, त्यांना आणून सोडण्यात आलं. काकू त्यांना घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यांना ठेवून घ्या!"

काका नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून रिटायर झालेले. उभी नोकरी छापलेला कागद तपासण्यात गेली. रेघ हलली की कागद बाद, रंग फिका पडला की बाद. नोकरी संपली, सवय राहिली. आता ते घरी पोळ्या तपासायचे. कडा जाड असलेली पोळी न बोलता बाजूला काढून ठेवायचे.

"माझी साठी येतेय," काकूंनी माझ्यासमोरच त्यांना ठणकावलं. "साडी नको, दागिना नको. मला तुमच्या हातचं काहीतरी हवं. आणि त्या दिवशी एकसुद्धा चूक काढायची नाही. नाही जमलं तर मी पुण्याला मुलाकडे चालले. इथे तुमच्या पोळ्या तुम्ही लाटा!"

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "तुमच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे."

*

ठसा विकतच घ्यावा लागतो असं नाही. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की छान फूल उमटतं. म्हणून एकदा मी सगळ्यांना एक एक भेंडी आणायला सांगितली.

सुमनताई पिंपळगावकडच्या, शेतावरून गाडी चालवत येतात. त्यांनी गोणीच आणून टेबलावर ठेवली. "घरची हाय. एक भेंडी काय हातात धरून आणायची? लाज वाटती!"

त्या दिवशी भरपूर फुलं उमटली आणि तरी भेंडी उरली. सगळ्यांनी ती वाटून घेतली. घाईत ठशाची भेंडी कुठली आणि भाजीची कुठली, हे काही कुणी बघितलं नाही. आमच्या क्लासमधली प्रिया सातपूरला एका कंपनीत आहे, ती डबा घेऊन जाते. सोमवारी डबा उघडल्यावर शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, भाजी निळी कशी?"

"मिक्स मीडिया आहे सर," प्रिया म्हणाली आणि झाकण लावून टाकलं.

*

याच प्रियाने गोव्याच्या ट्रिपचं पान केलं. जास्वंदीचे ठसे, त्यावर ब्रशने उडवलेले शाईचे शिंतोडे. खरंच सुरेख झालं होतं. ती हात धुवायला आत गेली आणि परत आली, तर पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली!

"काका! काय केलंत हे?"

"डाग होते."

"ते मुद्दाम उडवलेत मी!"

काकांनी चष्मा काढला. "मुद्दाम? मग तर इन्क्वायरीच लागेल."

त्यानंतर मी लाल पेनं कपाटात ठेवायला लागले.

*

पानावर आधी एक पांढरा जाड रंग लावतात, तो वाळल्याशिवाय ठसे मारता येत नाहीत. एकदा नेमकी लाइट गेली आणि हेअर ड्रायर बंद पडला. सुमनताईंना गच्ची दिसली. त्यांनी सगळ्यांची ओली पानं प्लॅस्टिकवर ओळीने मांडली, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि खाली येऊन चहा घेतला.

तासाभराने वरच्या मजल्यावरच्या आजी कौतुकाने सांगत आल्या, "अगं, तुमचं वाळवण मी उलटून ठेवलंय हो. खालून ओलं राहतं नाहीतर!"

सगळी पानं तोंडघशी चिकटली होती. आजींना आम्ही थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

*

एवढं सगळं होईस्तोवर काकूंची साठी आठवड्यावर आली, आणि काकांचं एकही पान तयार नव्हतं. म्हणजे पानं व्हायची, पण काका ती नापास करायचे. एका फुलाची पाकळी पुसट. दुसऱ्याचा देठ उजवीकडे गेलेला. मला भिंगातूनही दिसत नव्हता, पण काका म्हणाले गेलाय, म्हणजे गेला असणार.

बरं, नापास पान सरळ डस्टबिनमध्ये टाकतील तर ते काका कसले! बाद माल साक्षीदारासमोर फाडायचा, हा त्यांचा नियम. सुमनताईंना ते मानाने बोलावून घ्यायचे. पान दाखवायचे, दोष दाखवायचे, मग फाडायचे आणि म्हणायचे, "बघितलंत ना?"

"बघितलं ओ बाबा," सुमनताई एकदा वैतागल्या. "चांगलं फूल व्हतं ते! काकू निघाल्या पुण्याला, मंग फाडत बसा एकटेच!"

काकांचे हात थांबले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला घाबरल्यासारखा वाटला. हळू आवाजात ते म्हणाले, "तिला चुकीचं कसं देऊ?"

मला गलबलून आलं. त्यांनी पान फाडलंच, ते वेगळं.

*

साठी शनिवारीच आली. काकू नवी साडी नेसून क्लासला हजर. सुमनताईंनी घरचे बेदाणे आणले होते, प्रियाने केक. काकांनी पिशवीतून पान काढलं आणि काकूंच्या हातात दिलं.

कडेने अबोलीचे ठसे, सगळे एका मापाचे, एका रंगाचे. खाली जुन्या साडीच्या काठाची पट्टी. आणि मधे, जिथे फोटो लावायचा, तिथे कोरा पांढरा कागद. काहीच नाही.

प्रियाने माझ्याकडे बघितलं, मी सुमनताईंकडे. फुलांच्या नादात गृहस्थ बायकोलाच विसरला!

काकूंनी पान खाली ठेवलं. "छान आहेत फुलं," एवढंच म्हणाल्या आणि पर्स उचलली.

"अगं, खिडकीपाशी ये," काका म्हणाले. "उजेडासमोर धर. नोट धरतात तशी."

काकूंनी जरा रागातच पान उन्हासमोर धरलं. कोऱ्या जागेत हळूहळू एक चेहरा दिसायला लागला. दोन कागदांच्या मधे, पेन्सिलीने काढलेला. चष्मा, अंबाडा, हनुवटीवरचा तीळ. काकूच!

काकूंनी पदराने चष्मा पुसला आणि पान पुन्हा उजेडात धरलं. मग नाक ओढत म्हणाल्या, "नाक तिरकं आलंय."

काका जवळ गेले. त्यांनी आधी पान बघितलं, मग काकूंचा चेहरा बघितला.

"तुझं तसंच आहे," ते म्हणाले. "मी सरळ नाही केलं."